‘पृथ्वीवर पाणी भरपूर, टंचाई हे थोतांड’: एका संदेशाचा प्रतिवाद

कोल्हापुरातील आमच्या पेठेतील तालीम मंडळाच्या व्हॉट्सअॅप गटावर या उन्हाळ्यात एकच संदेश तीनदा आला. तिसऱ्यांदा तो पाठवणारे गृहस्थ त्या वेळी दारात टँकरची वाट पाहत होते, हे त्यांनीच नंतर हसत सांगितले. संदेश थोडक्यात असा: ‘पृथ्वीचा ७१ टक्के भाग पाणी आहे, अगदी आपल्या शरीरासारखा. हे पाणी कधीही कमी होत नाही. डायनासोर प्यायले तेच पाणी आपण पितो. शिवाय जमिनीखाली सहाशे किलोमीटरवर शास्त्रज्ञांना महासागरांच्या तिप्पट पाणी सापडले आहे. समुद्राचे पाणी गोडे करण्याची यंत्रे निघाली आहेत. तरीही नद्यांचे पाणी समुद्रात वाया घालवायचे आणि लोकांना काटकसर शिकवायची, हा सगळा टंचाईचा बाजार आहे.’

या संदेशात धडधडीत खोटे फार थोडे आहे, आणि त्यामुळेच त्याचा प्रतिवाद करणे थोडे वेळखाऊ आहे. जवळजवळ प्रत्येक विधान एखाद्या खऱ्या आकड्यावर किंवा खऱ्या संशोधनावर उभे आहे. मात्र तो आकडा ज्या प्रश्नाचे उत्तर आहे तो प्रश्न बदलून टाकलेला आहे. म्हणून विधाने त्यांच्याच क्रमाने घेतो.

त्याआधी मापाचे सांगायला हवे. कोल्हापूरकराला पाणी टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत मोजायची सवय आहे. जगाच्या पाण्याचे आकडे घन किलोमीटरमध्ये दिले जातात. एक घन किलोमीटर म्हणजे सुमारे ३५.३ टीएमसी. राधानगरी धरणाची साठवण क्षमता ८.३६ टीएमसी आणि काळम्मावाडीची २५.३९ टीएमसी आहे. ही दोन्ही धरणे काठोकाठ भरली आणि त्यांत आणखी दीड टीएमसी पाणी ओतले, की एक घन किलोमीटर होतो. पुढचे आकडे वाचताना एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

पहिले विधान ७१ टक्क्यांचे. हा आकडा पृष्ठभागाचा आहे. पृथ्वीचे क्षेत्रफळ सुमारे ५१ कोटी चौरस किलोमीटर आणि त्यापैकी समुद्राने व्यापलेले सुमारे ३६ कोटी चौरस किलोमीटर. भागाकार केला की ७१ टक्के मिळतात. परंतु पाणी किती आहे हे ठरवायला क्षेत्रफळ पुरत नाही, खोलीही लागते. समुद्राची सरासरी खोली सुमारे ३.७ किलोमीटर आहे आणि पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर. पृथ्वीचा एक मीटर व्यासाचा गोळा केला, तर त्यावरील समुद्राचा थर सरासरी एक-तृतीयांश मिलिमीटरही जाड भरणार नाही. आखाड्यात उतरण्यापूर्वी पैलवानाने अंगाला तेल चोपडावे, तसा तो थर. असा गोळा पोकळ असता तर त्यात पाचशे लिटरहून अधिक पाणी मावले असते. प्रत्यक्षात त्याच्या वाट्याला येणारे सगळे पाणी, समुद्र, बर्फ, भूजल सारे धरून, पाऊण लिटरही होत नाही. आकारमानात हे प्रमाण सुमारे ०.१३ टक्के, तर वजनात त्याहूनही कमी, म्हणजे ०.०२ टक्क्यांच्या आसपास, कारण खडक आणि पृथ्वीच्या गाभ्यातील लोह पाण्यापेक्षा कितीतरी जड आहेत. मानवी शरीरात वजनाने सुमारे ६० टक्के पाणी असते. एकीकडे पृष्ठभागाचे क्षेत्रफळ आणि दुसरीकडे शरीराचे वजन अशी तुलना करून साम्य दाखवणे म्हणजे शेताचा सात-बारा आणि बैलाचे वजन एकाच रकान्यात मांडण्यासारखे आहे.

मग प्रत्यक्ष पाणी आहे तरी किती? सर्वाधिक उद्धृत होणारा अंदाज रशियन जलशास्त्रज्ञ इगोर शिक्लोमानोव यांचा असून तो १९९३ साली प्रसिद्ध झाला: एकूण सुमारे १३८.६ कोटी घन किलोमीटर, त्यापैकी ९६.५ टक्के महासागरांत. पुढे २०१० साली उपग्रहांच्या साहाय्याने समुद्राचे आकारमान पुन्हा मोजण्यात आले तेव्हा ते शिक्लोमानोव यांच्या १३३.८ कोटींऐवजी सुमारे १३३.२ कोटी घन किलोमीटर निघाले. फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे, पण तेवढ्या फरकातच जगातील सर्व नद्या आणि गोड्या पाण्याची सर्व सरोवरे अनेकदा बुडतील. पृथ्वीवरील सगळे पाणी एका गोळ्यात गोळा केले तर त्याचा व्यास सुमारे १,३८५ किलोमीटर होईल, म्हणजे कोल्हापूर ते दिल्ली या सरळ रेषेतील अंतराएवढा. आणि जगातील नद्या व गोडी सरोवरे यांचा वेगळा गोळा केला, तर त्याचा व्यास जेमतेम ५६ किलोमीटर भरेल. आपण रस्त्याने गगनबावड्याला जातो तेवढा.

हेच प्रमाण घरच्या गच्चीवरील हजार लिटरच्या टाकीत मांडून पाहू. टाकी म्हणजे पृथ्वीचे सर्व पाणी, असे धरले तर त्यातील सुमारे ९७५ लिटर खारे आहे. उरलेल्या पंचवीस लिटर गोड्या पाण्यापैकी साडेसतरा लिटरच्या आसपास ध्रुवप्रदेशांत आणि हिमनद्यांत गोठलेले आहे, साडेसात लिटरहून थोडे अधिक भूजल आहे आणि त्याचा बराचसा भाग फार खोल आहे. गोड्या पाण्याची सर्व सरोवरे मिळून अर्धा कप चहाएवढी, म्हणजे सुमारे ६६ मिलिलिटर. त्यातही एकट्या बैकाल सरोवराचा वाटा चौथ्या हिश्श्याएवढा. जगातील सर्व नद्या, गंगा, ब्रह्मपुत्रा, ॲमेझॉन आणि आपली पंचगंगा धरून, दीड मिलिलिटर. चहाच्या चमच्याचा तिसरा भाग.

इथे मला माझ्याच बाजूच्या लोकांनाही एक गोष्ट सुनवावीशी वाटते. वरील आकडे सांगून ‘पाहा, फक्त चमचाभर पाणी उरले आहे’ असे घाबरवणारे संदेशही तेवढेच फिरतात, आणि ‘२०५० साली पृथ्वीवरील पाणी संपणार’ हे त्यांचे नेहमीचे भाकीत असते. तेही चूक आहे, आणि चूक नेमकी त्याच जागी आहे. नदी हा साठा नसून उलाढाल आहे. गुळाच्या अडत्याच्या गोदामात एखाद्या दिवशी किती रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, आहेत यावरून त्याचा वर्षाचा व्यापार कळत नाही. हंगामात किती रवे आले आणि किती गेले हे पाहावे लागते. जगातील नद्यांमध्ये कोणत्याही एका क्षणी सुमारे २,१२० घन किलोमीटर पाणी असते, मात्र वर्षभरात त्यांतून समुद्राकडे वाहणारे पाणी सुमारे चाळीस हजार घन किलोमीटर असते. म्हणजे नद्यांतील पाणी वर्षातून जवळजवळ वीस वेळा बदलते. वातावरणातील वाफ तर सरासरी नऊ-दहा दिवसांतच पाऊस होऊन खाली येते. माणसाचा सगळा संसार या उलाढालीवर चालतो, टाकीतील ९७५ लिटरांवर नव्हे. त्यामुळे ‘पृथ्वीवर किती पाणी आहे’ या प्रश्नाचे उत्तर कितीही मोठे आले, तरी ‘मे महिन्यात आपल्या नळाला किती येईल’ या प्रश्नाला त्याचा उपयोग होत नाही.

दुसरे विधान: पाणी कधीही कमी होत नाही आणि डायनासोर प्यायले तेच पाणी आपण पितो. यातील पहिला भाग व्यवहारापुरता खरा आहे आणि तो मान्य करायला हरकत नाही. वातावरणाच्या अगदी वरच्या थरातून हायड्रोजन अवकाशात निसटत असतो, सेकंदाला सुमारे तीन किलो. तेवढा हायड्रोजन ज्या पाण्यातून आला त्याचा हिशेब केला तर वर्षाला साधारण साडेआठ लाख घनमीटर पाणी पृथ्वीने गमावले असे होते. ऐकायला ते पुष्कळ वाटते. परंतु या वेगाने एकट्या राधानगरी धरणाएवढे पाणी जायला पावणेतीनशे वर्षे लागतील. महासागरांच्या तुलनेत ही गळती नगण्य आहे.

डायनासोरचा भाग मात्र कानाला गोड वाटतो तेवढा अचूक नाही. पाण्याचा रेणू हा टिकून राहणारा मणी नव्हे. द्रवरूप पाण्यात एका रेणूतील हायड्रोजन शेजारच्या रेणूकडे जातो, त्याचा आणखी पुढे. ही देवघेव सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढ्या काळात होत राहते. म्हणजे सकाळी भरलेल्या तांब्यातील ‘तेच’ रेणू संध्याकाळपर्यंतदेखील तेच राहत नाहीत. दुसरे असे की वनस्पती पाण्याचे रेणू फोडतात. आपल्या शिवारातील ऊसच घ्या: त्याच्या पानांत पाणी फुटते, ऑक्सिजन हवेत जातो आणि हायड्रोजन साखरेत बांधला जातो. गुऱ्हाळाच्या चुलवाणात चिपाडे जळतात तेव्हा त्यांत बांधलेला हायड्रोजन हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावतो आणि नवे पाणी वाफ होऊन बाहेर पडते. जगभरातील प्रकाशसंश्लेषणाचा ढोबळ हिशेब केला तर पृथ्वीवरील सर्व पाण्याएवढे पाणी काही दशलक्ष वर्षांत एकदा असे फोडले जाते. पक्षी सोडले तर डायनासोर ६.६ कोटी वर्षांपूर्वी नामशेष झाले. एकूण प्रमाण जवळपास तेच राहिले, हे म्हणणे योग्य. ‘तेच पाणी’ हे म्हणणे काव्य म्हणून ठीक.

पण खरा मुद्दा याहून साधा आहे. पाणी नष्ट होत नाही, याचा अर्थ ते आपल्यापाशी राहते असा नाही. एक हेक्टर उसाला वर्षाला सुमारे दोन कोटी लिटर पाणी लागते, आणि त्यातील बहुतेक पाणी पानांवाटे व मातीतून वाफ होऊन हवेत जाते. ते पृथ्वीवरून नाहीसे झाले नाही, हे अगदी खरे. ते आठवड्याभराने कोठेतरी पडेल. परंतु ते आपल्याच विहिरीवर पडेल अशी कोणतीही व्यवस्था निसर्गात नाही. आपल्याच जिल्ह्यात गगनबावड्याला जेवढा पाऊस पडतो त्याचा एक लहानसा अंशच शिरोळला मिळतो, आणि दोन्ही ठिकाणे एकाच नदीच्या खोऱ्यात आहेत. जागेचा प्रश्न असा, आणि वेळेचा प्रश्न त्याहून अवघड. ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या वर गेली होती; धोक्याची पातळी ४३ फूट आहे. त्या दिवसांत शहराभोवती जिकडे तिकडे पाणीच पाणी होते आणि शहराचे नळ मात्र कोरडे होते, कारण पाणी उपसणारी केंद्रेच पुराखाली गेली होती. पुराच्या पाण्यातून वाट काढत टँकर शोधणाऱ्या माणसाला त्या आठवड्यात पृथ्वीवरील १३८ कोटी घन किलोमीटरचा आकडा कोणी ऐकवला असता, तर त्याने काय उत्तर दिले असते हे इथे लिहिण्याजोगे नाही. प्रमाणाखेरीज प्रतही असते. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ आली, तेव्हा पाण्याची उणीव हे तिचे कारण नव्हते. दूषित पाणी हे होते.

तिसरे विधान: जमिनीखाली महासागरांच्या तिप्पट पाणी सापडले. या विधानामागे खरे आणि अतिशय सुंदर संशोधन आहे. संदेशात त्याची झालेली दशा पाहून वाईट वाटते. ब्राझीलमधील जुइना भागात सापडलेल्या, काही मिलिमीटर आकाराच्या आणि दागिन्यासाठी बिनकामाच्या एका हिऱ्यात रिंगवुडाइट नावाच्या खनिजाचा सूक्ष्म कण अडकलेला आढळला, आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात त्या कणात वजनाने सुमारे दीड टक्का पाणी असल्याचे दाखवण्यात आले. हे खनिज पृथ्वीच्या पोटात सुमारे ४१० ते ६६० किलोमीटर खोलीच्या पट्ट्यात तयार होते. त्याच वर्षी भूकंपलहरींच्या अभ्यासातूनही त्या पट्ट्याच्या तळाशी पाण्याचे अंश असल्याचे संकेत मिळाले. त्यावरून ‘हा सगळा पट्टाच तितका ओला असेल तर त्यातले पाणी महासागरांच्या पाण्याएवढे किंवा त्याहून अधिक भरेल’ असा अंदाज करण्यात आला. त्यातील ‘असेल तर’ हे शब्द बातमीत गळले आणि संदेशात ‘सापडले’ हे क्रियापद आले.

शिवाय ते ‘पाणी’ म्हणजे तळे नव्हे, झराही नव्हे. हजार अंशांहून कितीतरी अधिक तापमान आणि प्रचंड दाब यांखाली हायड्रोजन व ऑक्सिजन खनिजाच्या स्फटिकात जखडलेले आहेत. तो दगड पिळून थेंबही निघणार नाही. माणसाने आजवर खोदलेले सर्वांत खोल भोक रशियातील कोला द्वीपकल्पावर आहे आणि ते १२,२६२ मीटरवर थांबले. या पट्ट्याची वरची कडदेखील त्याच्या तेहतीसपट खोल आहे.

‘म्हणून बोअर खोल मारा’ असे या संदेशाखाली एकाने लिहिले होते, त्यासाठी थोडे थांबावे लागेल. आपल्या पायाखालचा खडक दख्खनच्या बसाल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा आहे. अखंड पाषाणात पाणी मावत नाही. ते वरच्या मुरमाड, झिजलेल्या थरात आणि खडकाच्या भेगांमध्ये साठते. भेगा खाली जाता जाता साधारणपणे मिटत जातात. म्हणून बोअर दुप्पट खोल नेल्याने पाणी दुप्पट मिळत नाही. पुष्कळदा मिळते ती कोरडी भुकटी आणि यंत्रवाल्याचे फुटांवर आकारलेले बिल. जागतिक पातळीवर पाहिले तरी चित्र याच्याशी जुळते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार पृथ्वीच्या कवचाच्या वरच्या दोन किलोमीटरमध्ये सुमारे २.२६ कोटी घन किलोमीटर भूजल आहे, परंतु त्यापैकी गेल्या पन्नास वर्षांत मुरलेले, म्हणजे माणसाच्या हयातीत पुन्हा भरून येणारे, सहा टक्क्यांहून कमी आहे. बाकीचे जुने आहे, पुष्कळसे खारट आहे, आणि एकदा उपसले की नातवंडांच्या काळातही ते परत भरत नाही. राजस्थान, पंजाब आणि हरियाणा या भागांवरून गुरुत्वाकर्षणातील सूक्ष्म फरक मोजणाऱ्या उपग्रहांनी ऑगस्ट २००२ ते ऑक्टोबर २००८ या सहा वर्षांत १०९ घन किलोमीटर भूजल घटल्याचे नोंदवले. राधानगरी आणि काळम्मावाडी दोन्ही मिळून शंभराहून अधिक वेळा भरावीत, एवढे हे पाणी आहे. पृथ्वीच्या एकूण पाण्यात या काळात काहीही फरक पडला नाही. उपसलेले पाणी शेवटी समुद्रात गेले.

चौथ्या विधानावर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. समुद्राचे पाणी गोडे करता येते, चेन्नईजवळ मिंजूर आणि नेम्मेली येथे प्रत्येकी रोज दहा कोटी लिटर पाणी देणारे प्रकल्प उभारले गेले आहेत. मात्र एका घनमीटरला सुमारे तीन ते चार युनिट वीज लागते, आणि काही किमान ऊर्जा लागणारच, कारण विरघळलेले मीठ वेगळे काढण्याचे मोल निसर्गच घेतो. किनाऱ्यावरच्या शहराला हे कदाचित परवडेल. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. तेवढे पाणी घाट चढवून आणायला, पंपाची तूट धरून, आणखी दोन युनिटांच्या आसपास लागतील. ज्या जिल्ह्यावर आकाशातून गोडे पाणी फुकट पडते, त्याने ते चार महिने साठवण्याऐवजी रत्नागिरीहून खारे पाणी आणून गाळावे, हा उपाय सुचवणाऱ्याने त्याचे वीजबिलही सुचवावे.

राहिले पाचवे विधान, की नद्यांचे पाणी समुद्रात वाया जाते. हे वाक्य आपल्याकडे केवळ संदेशात नाही, भाषणांतही असते, आणि त्यामुळे ते अधिक हट्टी आहे. पंचगंगेचे पाणी तर जवळच्या अरबी समुद्राकडे जातच नाही. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचे पाणी प्रयाग चिखलीपाशी एकत्र येते, नरसोबावाडीला कृष्णेत मिसळते आणि सारा दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागराला मिळते. वाटेत ते विहिरी भरते, गाळ नेते, मैला पातळ करते, आणि शेवटी त्रिभुज प्रदेशात समुद्राचे खारे पाणी आत घुसू देत नाही. नदीने हे शेवटचे काम थांबवले की किनाऱ्यावरच्या शेतकऱ्याच्या विहिरी खारट होऊ लागतात. अरबी समुद्रावरून वाफ होऊन आलेले पाणी सह्याद्रीवर पडते आणि दुसऱ्या समुद्राला जाऊन मिळते. पावसाचे चक्र ज्या परतफेडीवर चालते, तिलाच संदेशकर्ते ‘वाया’ म्हणत आहेत. बरे, कृष्णेच्या बाबतीत तक्रार करण्याइतके पाणी आता समुद्रापर्यंत पोहोचतही नाही. गेल्या पन्नास-साठ वर्षांत धरणे आणि कालवे वाढत गेले तसा समुद्राला मिळणारा तिचा प्रवाह पुष्कळ घटला आहे आणि कमी पावसाच्या वर्षी तो जवळजवळ थांबतो.

या नदीच्या वाटपासाठी १९६९ साली बच्छावत लवाद नेमला गेला. त्याने चारपैकी तीन वर्षे हमखास मिळेल एवढेच पाणी धरले, ते २,०६० टीएमसी भरले, आणि त्यातील महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० व आंध्र प्रदेशाला ८०० टीएमसी असे वाटून दिले. आपल्या सुरुवातीच्या मापात सांगायचे तर तीन राज्यांमधला हा सगळा तंटा सुमारे ५८ घन किलोमीटर पाण्याचा होता. गटावर मी उत्तरादाखल एवढे दोनच आकडे पाठवले: एका ओळीत १३८.६ कोटी, दुसऱ्या ओळीत ५८. त्यावर पहिली विचारणा अशी आली की यातील आपल्या पेठेला किती आणि कधी सुटणार.